दुसरं झाड आहे की!



आजचं वाचन: महाभारत, अनुशासनपर्व, अध्याय पाचवा. भीष्म शरपंजरी पडलेत आणि युधिष्ठिर एकामागून एक प्रश्न विचारतोय. आज तो म्हणतो, आनृशंस्याचे गुण सांगा आणि भक्तजनांचेही सांगा. आनृशंस्य हा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात नाही. नृशंस म्हणजे क्रूर, काळजाला घट्टे पडलेला. तसं नसणं म्हणजे आनृशंस्य. यावर भीष्मांनी एखाद्या ऋषीची किंवा दानशूर राजाची गोष्ट सांगितली असती तर नवल नव्हतं. ते सांगतात एका पोपटाची.

काशीच्या राज्यातला एक व्याध विषारी बाण घेऊन हरणांच्या मागावर रानात शिरतो. कळप दिसतो, बाण सुटतो, नेम चुकतो आणि बाण जाऊन एका मोठ्या झाडात रुततो. विष भिनतं. पानं गळतात, फळं गळतात, झाड उभ्या उभ्या वाळायला लागतं. त्या झाडाच्या ढोलीत एक पोपट फार दिवसांपासून राहत असतो. तो जात नाही. चाऱ्यासाठी बाहेर पडत नाही, आवाज खोल जातो, झाडाबरोबर तोही सुकत जातो. हे इंद्राला कळतं तेव्हा त्याला आधी आश्चर्य वाटतं की पाखराच्या जातीत असं मन कुठून आलं? मग तोच स्वतःची समजूत घालतो की सगळ्या जीवांमध्ये सगळं काही आढळतं. ब्राह्मणाच्या वेषात तो खाली उतरतो. पोपट त्याला वेषातही ओळखतो आणि देवराजाचं स्वागत करतो.

आता इंद्र जे विचारतो ते आपल्याला अगदी घरचं वाटेल. या झाडाला पान नाही, फळ नाही, दुसरं पाखरू इथं फिरकत नाही. एवढं मोठं रान पसरलंय, हिरवीगार झाडं आहेत, पानांनी झाकलेल्या चांगल्या ढोल्या आहेत. मग हे मेलेलं झाड धरून का बसलायस? थोडक्यात काय, दुसरं झाड आहे की!

पोपट म्हणतो, मी इथं जन्मलो, इथंच वाढलो. लहान होतो तेव्हा या झाडानं मला सांभाळलं, शत्रूच्या तावडीत जाऊ दिलं नाही. ते समर्थ होतं तेव्हा त्याच्या जिवावर जगलो, आता ते असमर्थ झालं तर सोडून जाऊ? माझ्या मनात जी कणव आहे ती तुम्ही का मोडायला बघताय? इंद्र प्रसन्न होतो, वर माग म्हणतो. पोपट स्वतःसाठी काही मागत नाही. झाड जगू दे म्हणतो. इंद्र अमृत शिंपडतो आणि झाडाला पालवी फुटते.

ही कथा आपण बहुतेक वेळा निष्ठेची म्हणून ऐकतो. गुरूला, आईवडिलांना, मित्राला पडत्या काळात सोडू नये वगैरे. ते बरोबरच आहे. पण आज थोडा वेळ रूपक बाजूला ठेवू. झाडाला झाडच राहू दे आणि पोपटाला पोपट. कारण इंद्राचं ते वाक्य आजकाल आपण सारखं ऐकतो, बोलतोही. रस्ता रुंद करायचा असतो, खाण उघडायची असते, टेकडीवर सोसायटी यायची असते. मग कुणीतरी सहज म्हणतं, एक तोडलं तर दहा लावू. आणि पक्षी? त्यांना काय, पंख आहेत, उडून दुसरीकडे जातील. असं म्हणणारा माणूस दुष्ट नसतो. इंद्रही नव्हता. त्याचं म्हणणं व्यवहाराचं होतं, सोयीचं होतं, आणि म्हणूनच त्याला उत्तर देणं कठीण.

आधी पंखांचं बघू. महाभारतातच आदिपर्वात खांडववन जळतं तेव्हा शार्ङ्गक पक्ष्यांची एक आई येते, जरिता. तिच्या चार पिल्लांना अजून पंख फुटलेले नाहीत. तिला स्वतःला उडता येतं, चौघांना उचलता येत नाही. ती म्हणते उंदराच्या बिळात शिरा, पिल्लं म्हणतात, बिळात मरण नक्की, आगीत निदान वाचायची आशा आहे, तू जा. त्या पिल्लांना अग्नीनं अभय दिलं, म्हणून ती वाचली. आपल्या लाडक्या कृष्णार्जुनांच्या हातून ते रान जळालं, त्याचा अर्थ कसा लावायचा हा मोठा आणि अवघड विषय आहे, आज त्यात शिरत नाही. इतकंच बघा की जाळणारे इतके थोर असूनही ग्रंथानं त्या घरट्याकडे पाठ फिरवली नाही.

आता आपल्या सह्याद्रीतला पक्षी घेऊ. धनेश. महाराष्ट्रात याच्या चार जाती दिसतात. साधा राखी धनेश शहरातल्या जुन्या वडा-उंबरांवरही येतो, बाकीचे तीन, म्हणजे मलबारी राखी, कवड्या धनेश आणि सगळ्यात मोठा महाधनेश, हे दाट झाडीचे. धनेशाची चोच एवढी मोठी, पण सुतार पक्ष्यासारखं खोडाला भोक पाडणं त्याला जमत नाही. त्याला लागते आयती ढोली. बेहड्यासारख्या जुन्या झाडाची एखादी फांदी कधीतरी वादळात मोडते, तिथं पाणी मुरतं, बुरशी लागते, गाभा कुजतो, आणि अनेक वर्षांनी धनेशाची मादी आत मावेल एवढी पोकळी तयार होते. लहान झाडात ती होऊच शकत नाही, खोडच पुरत नाही. अशी ढोली मिळाली की जोडी वर्षानुवर्षं त्याच झाडावर परत येते.

उन्हाळ्याच्या तोंडाला मादी ढोलीत शिरते आणि विष्ठा, माती, फळांचा गर यांनी तोंड लिंपून घेते. एक फट तेवढी ठेवते. आत गेल्यावर ती आपली उडायची पिसं गाळते. म्हणजे जिला पंख आहेत, तिलाही त्या दिवसांत उडता येत नाही. पुढचे कितीतरी आठवडे नर रानभर फिरून फळं आणतो आणि त्या फटीतून एकेक भरवतो. जनाबाईंनी देवाला आळवताना पिल्लासाठी लांबून चारा आणणाऱ्या पाखराची उपमा दिली आहे, ती इथं डोळ्यांसमोर येते. फरक एवढाच की इथं पिल्लांबरोबर त्यांची आईही कोंडलेली असते आणि सगळ्यांचा जीव एका नराच्या फेऱ्यांवर असतो.

कोकणात लाकूडतोडीचा हंगामही कोरड्या दिवसांचाच. करवत चालवणाऱ्याला वर ढोलीत कोण आहे हे खालून दिसत नाही. झाड पडतं तेव्हा नर बाहेर असला तर तो वाचतो. पंख आहेत म्हणून वाचला असं म्हणू या का?

बरं, समजा विणीचा काळ नाही, पक्षी खरंच उडाला. गेला कुठं? शेजारचं रान म्हणजे रिकाम्या खोल्यांचं लॉज नव्हे. तिथल्या ढोल्यांत आधीच कुणी ना कुणी आहे. पोपट, पिंगळे, साळुंक्या, धनेश, सगळ्यांची मागणी एकाच जुन्या खोडाला असते.  आणि जमिनीलगतच्या सावलीत राहणारे कितीतरी छोटे पक्षी असे आहेत की मधे उघडं माळ किंवा रुंद रस्ता आला तर ते ओलांडतच नाहीत. नकाशावर दोन हिरवे ठिपके जवळजवळ दिसतात, पक्ष्याच्या दृष्टीनं मधे समुद्र असतो.

शहरात राहून हे जाणवत नाही, कारण आपल्या खिडकीत कबुतरांची कमी नाही. पक्षी तर आहेत की, असं वाटतं. २०२३ साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवर 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा मोठा अहवाल आला. हजारो पक्षीनिरीक्षकांनी केलेल्या नोंदींवरून ९४२ जातींचा आढावा त्यात आहे. त्यातल्या ३३८ जातींचा दीर्घकाळचा कल सांगण्याइतकी माहिती होती, आणि त्यांपैकी २०४ जाती घटलेल्या निघाल्या. वाढलेल्या फक्त ३६. कबुतर आणि मोर वाढले, काय मिळेल ते खाऊन कुठंही राहणारे टिकले. मागे पडले ते एका प्रकारच्या अधिवासाला बांधलेले, रानातले, माळावरचे, पाणथळीतले. सगळा दोष जंगलतोडीचा नाही. शेतीतली रसायनं आहेत, माळरानं संपताहेत, हवामान बदलतंय. पण जंगलाच्या पक्ष्यांसाठी जंगल जाणं हे पहिलं कारण, याला फार पुराव्याची गरज नाही.

आता 'दहा लावू' कडे. आपल्या राज्यात शहरांतल्या झाडांसाठी १९७५चा कायदा आहे. २०२१मध्ये त्यात सुधारणा झाली. पन्नास वर्षांवरच्या झाडाला हेरिटेज वृक्ष म्हणायचं, आणि तोडायची वेळ आलीच तर झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावायची. हा नियम पूर्वीपेक्षा चांगला आहे, हे आधी कबूल करू. झाडाच्या वयाला किंमत आहे, एवढं तरी त्यात मान्य झालंय. पण हिशेब करून बघा. साठ वर्षांचं झाड गेलं आणि साठ रोपं लागली. समजा साठच्या साठ जगली. त्या साठांत मिळून ढोल्या किती? एकही नाही. साठ एक-एक वर्षांची मुलं एकत्र उभी केली म्हणून त्यांची साठ वर्षांची आजी होत नाही. मधली वर्षं पक्ष्यांनी कुठं काढायची, याचा रकाना त्या अर्जात नसतो.

इथं एक अडचण आहे, ती टाळून पुढे जाणं बरं नव्हे. आपल्यापैकी जे एकनाथी भागवत वाचतात त्यांच्या मनात ती आलीच असेल. अकराव्या स्कंधात अवधूताचे चोवीस गुरू आहेत, त्यात एक कपोत आहे, कबूतर. बायकोपिल्लांत इतका गुंतलेला की पारध्याच्या जाळ्यात ती अडकलेली बघून हा स्वतःच जाळ्यात उडी घेतो. अवधूत म्हणतो, यावरून मी शिकलो की अतिस्नेह करू नये. म्हणजे एका ग्रंथात पाखरू आसक्तीपायी मेलं म्हणून तो इशारा झाला, आणि दुसऱ्यात पाखरू झाडासाठी मरायला बसलं तर इंद्र प्रसन्न झाला. मग झाडासाठी जीव तुटणं हा मोह की धर्म? सगळीकडे हरीच भरलाय तर या झाडात काय आणि त्या झाडात काय?

मला वाटतं फरक दोघांच्या बोलण्यात आहे. कपोताचं सगळं 'माझं' आहे. माझी बायको, माझी पिल्लं, माझं सुख, आणि ते गेल्यावर मी कशाला जगू. पोपटाच्या तोंडी 'माझं झाड' हा सूरच नाही. तो म्हणतो यानं माझं केलंय. पहिल्यात मालकी आहे, दुसऱ्यात ऋण. मालकी सोडायला शास्त्र सांगतं, ऋण सोडायला कुठंच सांगत नाही. आणि ऋण ज्याचं त्यालाच फेडावं लागतं. आईचं ऋण शेजारच्या काकूंची सेवा करून फिटलं असं म्हणता येत नाही, काकू कितीही चांगल्या असल्या तरी.

सगळीकडे हरी आहे हे वारकऱ्याला कुणी शिकवायला नको. तरी तो आळंदीहून पंढरपूरपर्यंत पायी जातो. घराच्या कोपऱ्यावर विठ्ठलमंदिर असतं, एसी हॉलसकट. त्याला कुणी म्हणालं, अरे दुसरं देऊळ आहे की, तर तो हसेल. सगळीकडे असलेला देव त्याला एका विटेवर, एका ठिकाणी भेटतो, म्हणून तर सगळीकडे ओळखता येतो. हे ज्याला कळतं त्याला पोपटाचं वागणं विचित्र वाटायचं कारण नाही.

दुसरी अडचण जास्त व्यवहारातली. मग काय एकही झाड तोडायचं नाही? गावाला रस्ता नको, वीज नको? वनपर्वातला धर्मव्याध कौशिक ब्राह्मणाला स्पष्ट सांगतो की नांगर चालवणाराही असंख्य जीव मारतो, जगात पूर्ण अहिंसक कुणी नाही. म्हणूनच मला युधिष्ठिराचा आजचा शब्द महत्त्वाचा वाटतो. यक्षानं सगळ्यात श्रेष्ठ धर्म कोणता विचारलं तेव्हाही त्यानं आनृशंस्यच सांगितलं होतं, आणि चार भावांपैकी एक जिवंत होणार म्हटल्यावर भीम-अर्जुन सोडून सावत्र भावाला, नकुलाला मागितलं होतं. काही मोडावं लागलंच तर मोडताना काळीज जागं ठेव, एवढी आनृशंस्याची मागणी. दवाखान्याच्या रस्त्यासाठी एक बेहडा पाडावा लागला तर लागला. पण आधी वर ढोलीत कुणी आहे का हे बघणं, चार महिने थांबता येतं का विचारणं, रस्ता दहा फूट वळवता येतो का हे खरंच तपासणं आणि तरीही पाडलं तर 'दुसरं झाड आहे की' असं न म्हणणं. हे शेवटचं सगळ्यात अवघड, कारण त्या एका वाक्यानं मन झटकन हलकं होतं.

त्या व्याधाचं पुढे काय झालं, कथा सांगत नाही. त्याला झाडाशी वैर नव्हतं, पोपट तर त्यानं पाहिलाही नसेल. त्याला हरीण हवं होतं. नेम चुकला, तो पुढे गेला. जंगलं बहुतेक अशीच जातात. पक्ष्यांवर नेम धरून कुणी जंगल तोडत नाही. नेम वेगळ्याच गोष्टीवर असतो.

आणि कधीकधी नेम देवावरच असतो. हे आपल्याच अंगणातलं म्हणून जरा सविस्तर लिहितो. कोकणात, मावळात गावोगाव देवराया आहेत, कुठं त्यांना देवरहाटी म्हणतात. देवाचं रान, म्हणून वाळलेली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही. १९७०च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी यांचा शास्त्रीय अभ्यास केला आणि कळलं की आसपासचा सगळा डोंगर बोडका झाला तरी देवाच्या भीतीनं हे तुकडे जुन्या जंगलासारखे राहिलेत. आज धनेशाला लागणारी म्हातारी झाडं पुष्कळ ठिकाणी उरलीत ती देवरायांतच. कुणी पक्षी वाचवायला निघालं नव्हतं. लोक देवाला मानत होते आणि पक्षी त्याच्या पदराखाली जगले.

मग गावातली मुलं मुंबई-पुण्याला आली, पैसा आला, आणि देवीचं कौलारू, लाकडी देऊळ लहान वाटायला लागलं. जीर्णोद्धार ठरतो. सिमेंटचा सभामंडप, भोवती पेव्हर ब्लॉक, गाड्या लावायला मोकळी जागा. जागेसाठी चार झाडं जातात, खर्चासाठी आणखी काही विकली जातात. हे पूर्वीही घडत आलंय आणि आजही घडतं. वर्गणीची पावती मात्र आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवर येते. पाच जूनला तुकोबांचा झाडापाखरांवरचा अभंग स्टेटसला ठेवणारे आपण, त्या पावतीवर हात जोडलेला इमोजी टाकतो आणि पैसे पाठवतो. देवीसाठी दिले, यात भाव खोटा नसतो. पण ती देवी ज्या रानाची देवी होती ते रान गेल्यावर तिला कोणत्या अधिकारानं रानातली म्हणायचं?

तुमच्या गावाला असं काही चाललं असेल तर वर्गणी जरूर द्या, पण आधी समितीतल्या काकांना फोन करून दोन गोष्टी विचारा. मंडपाच्या नकाशात किती झाडं येताहेत? आणि त्यातल्या कुठल्या झाडाच्या ढोलीचं तोंड मातीनं लिंपलेलं दिसतंय का? दुसऱ्या प्रश्नावर काका बहुधा गप्प होतील. गावातल्या एखाद्या गुराख्याला किंवा म्हाताऱ्या आजीला विचारायला सांगा, त्यांना माहीत असतं. मंडप दोन खांब इकडे घेतला तर देवी रागावणार नाही.

उद्या अध्याय सहावा. पोपटाची गोष्ट ऐकून झाल्यावर युधिष्ठिर लगेच पुढचा प्रश्न टाकतो: दैव मोठं की माणसाचा प्रयत्न? वाचून या, बोलू.

राम कृष्ण हरी.